कवड्या की मण्यार

"कुणीही हलायचं नाही! फुलाबाई, काठी खाली ठेवा! मी आहे ना!"

हे ओरडणारी मी. तेव्हा सातवीत होते, आणि आवाज असा काढला की आळीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीतूनही कुणीतरी मान बाहेर काढली असेल. माझ्यासमोर अंगणात गोधड्यांचा हा एवढा ढीग, ढिगाखालून बाहेर आलेली काळी चकचकीत शेपटी, आणि ढिगाभोवती श्वास रोखून उभी असलेली मोठी माणसं. मोठी माणसं घाबरलेली आणि मी नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. खोटं कशाला सांगू, मला फार मजा येत होती.

घटस्थापना तोंडावर आली होती. आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक कापड धुऊन निघतं. गोधड्या, वाकळा, पडदे, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं भरतकामाचं झाकणसुद्धा सुटत नाही. आई पहिली खेप घेऊन नदीवर गेली होती. बाबा कारखान्यावर ड्युटीला. माळ्यावरच्या गोधड्या खाली टाकायचं काम संपतकाका आणि वैजूकाकूकडं होतं. संपतकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. तालुक्याच्या रस्त्याला जीपचं वडाप करतात, म्हणजे शिटा भरून माणसं नेतात, आणि जीपमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाला उतरायच्या आत माझं एखादं तरी कौतुक ऐकावं लागतं. फुलाबाई शेजारच्या. आमच्या घरात काहीही घडलं की त्या घडायच्या आधीच दारात हजर असतात.

"अगं पोरी, पाया पडते तुझ्या, मारू दे एकदाचं," फुलाबाई काठी नाचवत म्हणाल्या.

"पट्टे दिसतात का? पांढरे पट्टे? कवड्या आहे तो. शंभर टक्के बिनविषारी. मारायचं कारणच नाही."

काका शिडीवरून उतरत म्हणाले, "नक्की का, मैथे?"

"काका! नक्की म्हणजे काय!"

माझ्या या रुबाबामागं एक कारण होतं. त्याच्या महिनाभर आधी आमच्या शाळेत दिलावर शिकलगार नावाचे सर्पमित्र आले होते. सगळे त्यांना दिलावरदादा म्हणतात. त्यांनी पडद्यावर सापांची चित्रं दाखवून माहिती सांगितली आणि शेवटी प्रश्न विचारले. मी वर्गात तोपर्यंत हजेरीपुरतीच होते. हात वर करायची वेळ आली की माझा हात बाकाखाली जायचा. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, एका प्रश्नाला हात वर गेला, उत्तर बरोबर आलं, मग दुसऱ्याला गेला, तिसऱ्याला गेला, आणि मग तो खाली यायलाच तयार नव्हता. दिलावरदादांनी मला स्टेजवर बोलावून सापांचा मोठा तक्ता बक्षीस दिला. अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी मान ताठ करून चालत होते. घरी तक्ता कपाटाच्या दाराला लावला, तोंडपाठ केला, आणि जो भेटेल त्याला ऐकवला. म्हशीलासुद्धा ऐकवला.

"आपण त्या दिलावरला फोन करू की," वैजूकाकू म्हणाली. काकू पतसंस्थेत काम करते. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"कवड्यासाठी दिलावरदादांना बोलवायचं? हसतील ते आपल्याला!"

"ऐकलंस का?" काका काकूला म्हणाले. "घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला हिंडायचं?" आणि त्यांनी बाह्या वर सारल्या. "मैथे, मी धरू का गं त्याला?"

"धरा की. मानेच्या मागं धरा. अलगद."

काकांनी वरच्या दोन गोधड्या बाजूला केल्या, हात घातला आणि खरंच धरला! सापानं त्यांच्या मनगटाला विळखा घातला. फुलाबाई किंचाळल्या. काका मात्र हिरोसारखे उभे राहिले.

"वैजू, फोटो काढ. लवकर. वडापच्या ग्रुपवर टाकायचाय."

काकूनं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. काकांनी मिशीवरून हात फिरवला, तोंडभर हसले, आणि हसता हसता पकड सैल झाली असावी. "आई गं," एवढंच म्हणाले. मग, "चावला की गं हा!"

काकांनी साप तसाच धरून परसाकडं नेला, ओढ्याच्या काठच्या घाणेरीच्या झुडपात सोडून दिला आणि पँटला हात पुसत परत आले. अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातडीवर दोन बारीक ठिपके. रक्तसुद्धा नीट आलेलं नव्हतं.

काकूचा चेहरा पांढरा पडला. "चला. दवाखान्यात चला."

"कशाला?" मी म्हटलं. "कवड्या चिडका असतो, चावतोच तो. साबणानं हात धुवा, झालं."

"मैथी म्हणती काय होत नाही, म्हणजे काय होत नाही," काका म्हणाले. "वैजू, चहा टाक. फक्कड. आलं घाल."

आणि सगळे खरंच चहाला बसले! मागं वळून बघते तेव्हा हाच चहा आधी आठवतो. मी तिथं नसते तर कुणालाच काही माहीत नसतं, आणि सगळे घाबरून थेट दवाखान्यात पळाले असते. मी होते म्हणून आल्याचा चहा झाला.

बातमी तोवर आळीभर झाली होती. बायका, म्हातारे, गिरणीवाला, सगळे अंगणात जमले. काका हात उंच करून ठिपके दाखवत होते आणि मी मधे उभी. इतके कान माझ्याकडं लागलेले मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, एवढ्यावर थांबणं बरं नाही. मी आत पळाले, कपाटाच्या दारावरचा तक्ता काढला आणि ओसरीवर दोन्ही हातांनी पसरून धरला.

"हे बघा. हा वरचा कवड्या आणि हा खालचा मण्यार. दोघं सारखेच दिसतात, म्हणून लोक फसतात. मण्यार आपल्याकडचा सगळ्यांत विषारी. पण ओळखायचं कसं? सोपं आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडं विरळ होत जातात. मण्यारचं उलटं. त्याची मान कोरी असते, पट्टे बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडं एकदम ठळक..."

इथं मी थांबले.

"पुढं?" फुलाबाई म्हणाल्या.

पुढं मला पाठ होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती गोधडीखालून आलेली शेपटी उभी राहिली होती. पांढरे पट्टे. चांगले ठळक. मी ती बघूनच 'कवड्या' म्हणून ओरडले होते. मान तेव्हा गोधडीत होती. आणि नंतर? नंतर मान काकांच्या मुठीत होती.

मी सापाची मान बघितलीच नव्हती.

"कुणी मान बघितली का?" मी विचारलं. "सापाची. मानेवर पट्टे होते का?"

"होते की," गिरणीवाला म्हणाला. तो साप सोडून दिल्यावर आला होता.

"मला तर सगळा काळाच दिसला," फुलाबाई म्हणाल्या. "का पिवळा होता?"

"काकू, फोटो! फोटो दाखव!"

काकूनं मोबाईल दिला. फोटोत काका फारच छान आले होते. मिशी, दात, कपाळावरचा घाम, सगळं स्वच्छ. साप मात्र निम्मा फोटोच्या बाहेर आणि निम्मा हललेला. धुरकट काळी रेघ, बस्स.

"तुम्ही म्हणालात फोटो काढ, मी तुमचा काढला," काकू कळवळून म्हणाली. "मला काय माहीत सापाचा पाहिजे होता!"

"काका," मी म्हटलं, "हात दुखतोय ना? थोडा तरी दुखत असेल ना? आग होते? सूज?"

"छे गं!" काकांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि मला बरं वाटावं म्हणून आणखीच हसले. "जरासुद्धा दुखत नाही. चावलाय का नाही तेच कळंना!"

माझ्या हातातल्या तक्त्यावर मण्यारच्या चित्राखाली लिहिलेलं होतं, दंश सहसा दुखत नाही. लक्षणं उशिरा दिसतात. पापण्या जड होतात. मग श्वास. ही ओळ मी शाळेतल्या किती पोरींना चढ्या आवाजात ऐकवली होती. त्या वेळी ती नुसती ओळ होती.

"काका, उठा. दवाखान्यात चला."

"आता गं काय झालं?"

"तो मण्यार असेल कदाचित."

"हॅ! तूच तर मघाशी कवड्या म्हणालीस."

"मी चुकले असेन."

"तू?" काका कौतुकानं हसले. "बघा, पोरीला किती विनय आहे. एवढं कळतं पण मिरवत नाही."

मला रडू यायला लागलं. आणि माझी फजिती अशी की मी जितकं 'मला खात्री नाही' म्हणत होते, तितके सगळे मलाच धीर देत होते. फुलाबाई म्हणाल्या, "असू दे गं बाय, घाबरू नको, तुझं बरोबरच असणार." गिरणीवाला म्हणाला, "शाळेत बक्षीस मिळालंय म्हटल्यावर काय!" एक काकू तेवढी माझ्याकडं एकटक बघत होती.

मी काकूच्याच मोबाईलवरून दिलावरदादांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. ते "कवड्याच" म्हणतील, अशी आशा अजून कुठंतरी होती. तो धुरकट फोटोही त्यांना पाठवला.

"कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं कवड्या."

"वाटलं, का बघितलंस?"

"वाटलं."

ते फोटो बघत असावेत. मग म्हणाले, "मला नाही सांगता येत."

"पण दादा, तुम्ही तर इतके साप धरलेत!"

"म्हणूनच सांगतोय बाळा. यावरून मला माहीत नाही. आणि माहीत नसलेला साप चावला की तो विषारीच धरायचा. हात हलवू देऊ नको, वर आवळून बांधू नको, कापू नको, त्यांना गाडी चालवू देऊ नको. निघा. मी दवाखान्यात येतो."

तरी काका म्हणालेच, "त्यानं फोटोवरून सांगितलं. तू तर समोर बघितलास. तूच मघाशी शंभर टक्के..."

"मला माहीत नाही!" मी ओरडले. सकाळी ओरडले होते त्याच्या दुप्पट. "शंभर टक्के माहीत नाही! मी शेपूट बघून बोलले! मला काहीसुद्धा माहीत नाही, काका, तुम्ही उठा!"

काकूनं आत जाऊन दुसऱ्या चहाचा गॅस बंद केला आणि खुंटीवरची स्कुटीची किल्ली घेतली.

"सकाळपासनं आत्ता पहिल्यांदा तू मला पटलीस," ती मला म्हणाली. "चल, मागं बस. आणि तुम्ही मधे. एक अक्षर बोलायचं नाही."

आयुष्यभर जीपमध्ये दहा-दहा माणसं कोंबणारे माझे काका त्या दिवशी बायकोच्या स्कुटीवर दोघींच्या मधे कोंबले गेले. मी त्यांचा हात एका फळकुटाला ओढणीनं सैलसर बांधून माझ्या मांडीवर धरून ठेवला होता. अक्षर बोलायचं नव्हतं, पण काका गप्प बसतील तर ना!

"हॉर्न दे. हॉर्न दे, वैजू. वळणावर हॉर्न द्यायचा असतो."

"दिलाय."

"गिअर... हां, याला गिअर नसतो. अगं त्या ट्रकला जाऊ दे! त्याच्याशी काय बरोबरी करतेस!"

"तुम्हाला साप चावलाय ना? मग साप चावल्यासारखे गप्प बसा."

मी मागून काकांच्या श्वासाकडं कान लावून होते. ते भांडत होते याचाच मला आधार वाटत होता. भांडतायत म्हणजे श्वास चालू आहे. कुठं जरा थांबले की मी म्हणायची, "काका, बोला ना काहीतरी!" आणि काकू पुढून म्हणायची, "हिला सांगा कुणीतरी, त्यांना बोलतं करू नको म्हणून!"

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. केस वर बांधलेले, कानामागं पेन खोचलेलं. त्यांनी काकांना पलंगावर झोपवलं, ठिपके बघितले, नाडी धरली आणि विचारलं, "कुठला साप?"

"कवड्या," काका झोपल्या झोपल्या म्हणाले. "बिनविषारी. ही आमची पुतणी, हिचा अभ्यास आहे."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

आता वाटतं, तेव्हा 'हो' म्हणणं किती सोपं होतं! काकांची मान अभिमानानं उशीवरून वर आली होती. डॉक्टरबाई थोड्या कौतुकानं, थोड्या घाईनं बघत होत्या. नर्स बघत होती. शेजारच्या पलंगावरचे आजोबासुद्धा बघत होते. महिनाभर मी ज्याच्यासाठी जगले होते ते सगळं त्या खोलीत माझ्याकडं तोंड करून उभं होतं.

"नाही," मी म्हटलं. "नक्की नाही. मी त्याची मान बघितली नाही. मण्यारसुद्धा असेल. मला माहीत नाही."

मला वाटलं, आता त्या ओरडणार. त्यांनी मान हलवली. "बरं. मलाही माहीत नाही. मग आपण यांच्यावर लक्ष ठेवू."

एवढंच! डॉक्टर असून, गळ्यात स्टेथोस्कोप असून, त्या 'मलाही माहीत नाही' म्हणाल्या, आणि त्यांना काही झालं नाही. छत खाली आलं नाही. नर्स हसली नाही. त्यांनी लगेच पुढचं काम सांगितलं. रक्त काढा, सलाईनची सुई लावून ठेवा, औषध तयार ठेवा, पापण्या बघत राहा. मी स्टुलावर बसले ती पापण्या बघायलाच.

डॉक्टरबाई मधूनमधून यायच्या. "वर बघा. डोळे मिटून उघडा. आता एका श्वासात आकडे म्हणा, जेवढे जमतील तेवढे."

काकांनी छाती फुगवून सुरुवात केली आणि थांबेचनात. डॉक्टरबाईंच्या भुवया वर गेल्या.

"एवढा दम?"

"स्टँडवर गावांची नावं ओरडून ओरडून कमावलाय, मॅडम."

दुपारी आई नदीवरून थेट आली, साडी अर्धी ओली. तिला कुणीतरी वाटेत सांगितलं होतं की संपतला नाग चावला आणि मैथिली बेशुद्ध आहे. मला स्टुलावर बसलेली बघून ती आधी रडली, मग मला एक धपाटा घातला, मग काकांना मोसंबी सोलून दिली.

उन्हं कलली आणि मग ते झालं. मी काकांचे डोळे बघत होते. उजवी पापणी हळूच खाली आली. वर गेली. परत खाली आली. मग डावी. मग दोन्ही.

"डॉक्टर!" मी ओरडले. "पापण्या! काकांच्या पापण्या पडतायत!"

काकूच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. डॉक्टरबाई पळत आल्या, मागून नर्स. "अहो, ऐकू येतंय का? वर बघा! माझ्या बोटाकडं बघा!"

काकांनी डोळे उघडले. चांगले टक्क. बोटाकडं बघितलं, वर, खाली, डावीकडं.

"आकडे म्हणा!"

काकांनी म्हटले. आधीच्यापेक्षा जास्त म्हटले. शेवटाला शेजारच्या पलंगावरचे आजोबाही त्यांच्याबरोबर म्हणायला लागले होते.

डॉक्टरबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आज उठला होतात कधी?"

"पहाटे. हिनं उठवलं, माळा आवरायला. आणि काल लग्नाचं भाडं होतं, यायला उशीर..."

"याला झोप म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मग त्यांनाच हसू आवरेना. नर्स हसली, आई हसली, काकू पदर तोंडात धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "मेलं, घोरा आता खुशाल," ती म्हणाली. पण डॉक्टरबाईंनी काकांना इतक्यात झोपू द्यायचं नाही असं बजावलं, त्यामुळं तिनं त्यांना लगेच परत हलवून जागं केलं.

दिलावरदादा तोपर्यंत आले होते. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात साप धरायची आकडा असलेली काठी. आधी आमच्या परसात जाऊन घाणेरी धुंडाळून आले होते. साप अर्थात गेला होता. ते माझ्याशेजारी बाकावर बसले. मी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

"तक्ता परत देऊ का?" मी विचारलं.

"कशाला? खराब झाला?"

"मी शेपूट बघून नाव सांगितलं. सगळ्यांसमोर."

त्यांनी डावा हात माझ्यापुढं धरला. करंगळीचं वरचं पेर नव्हतंच, आणि शेजारचं बोट वाकडं. शाळेत ते सगळा वेळ उजव्या हातानंच दाखवत होते, ते मला आत्ता लक्षात आलं.

"घोणस," ते म्हणाले. "मी त्याला अजगराचं पिल्लू म्हणालो होतो. जत्रेत. हातात धरून, लोकांना सांगत होतो की घाबरू नका."

"मग?"

"मग काय. माझं पहिलं वर्ष होतं ते. पहिल्या वर्षी मला सगळे साप ओळखता यायचे."

"आणि आता?"

"आता दरवर्षी एखादा असा निघतो की मी डोकं खाजवत बसतो. फोटो काढतो, दुसऱ्यांना विचारतो. आधी लाज वाटायची याची. हल्ली बरं वाटतं."

"बरं कसं वाटेल?"

"अगं, सगळं मलाच ओळखायचं असतं, तर जेवण तरी घशाखाली गेलं असतं का?" ते उठले. "वडापाव खाणार? तुझ्या तोंडावरून वाटतं सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस."

मी तीन खाल्ले.

रात्री काकू दवाखान्यात राहिली आणि मला बाबांनी घरी आणलं. घरात पांघरायला काहीच नव्हतं, सगळ्या गोधड्या ओल्या. मी चटईवर आईची शाल घेऊन पडले आणि लगेच झोपले. मला वाटलं होतं झोप लागणार नाही. उलट आठवडाभराची झोप एकदम आली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर डॉक्टरबाईंनी काकांना शेवटचं तपासलं आणि सोडलं. मी जायच्या आधी विचारलंच.

"म्हणजे तो कवड्याच होता ना?"

"असेल. किंवा मण्यार असेल आणि त्यानं विष सोडलं नसेल. तसंही होतं कधीकधी."

"मग नक्की कुठला?"

"ते नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या आणि काकांकडं बोट दाखवलं. "तुला हे पाहिजे होते ना? हे घेऊन जा."

तर आम्ही हे घेऊन आलो. अंगणात सगळी आळी जमलेली. तारांवर, कुंपणावर, पत्र्यावर, जिथं जागा मिळेल तिथं गोधड्या वाळत घातलेल्या. राहिलेला ढीग बायकांनीच नदीवर नेऊन धुऊन आणला होता. काका स्कुटीवरून उतरले तसे सगळ्यांनी त्यांना घेरलं, आणि काका सुरू झाले. आता मी दहावीत आहे, त्यांच्या वडापच्या जीपमध्ये तो साप एव्हाना सात फुटांचा झालाय, फणासुद्धा काढतो. पण त्या दिवशी तो अजून खऱ्या मापाचा होता.

फुलाबाई मात्र काकांचं ऐकत नव्हत्या. त्या थेट माझ्याकडं आल्या.

"काय गं मैथे, शेवटी कुठला निघाला?"

आजूबाजूच्या माना माझ्याकडं वळल्या. गिरणीवालाही हातावरचं पीठ झटकत पुढं सरकला. मी सगळ्यांकडं एकदा बघितलं. काका चहा मागत होते. काकू त्यांना 'आधी अंघोळ' म्हणून दटावत होती.

"काय माहीत!" मी म्हटलं.

"म्हणजे? डॉक्टरनं सांगितलं नाही?"

"त्यांना पण माहीत नाही."

"आणि तो दिलावर?"

"त्यांना पण नाही!"

हे सांगताना मला इतकं हसू येत होतं की काही विचारू नका. फुलाबाईंनी मोठ्ठा सुस्कारा सोडला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसकण मारली.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, मला एकटीलाच माहीत नाही."